उंदरांचा कूम

ईस्टरपासून रोसित्सानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि आता ऑक्टोबर सरत आला होता. रोसित्सा म्हणजे ल्युबेनची अजगरीण. प्लोवदिव शहरातल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर ती काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडे आणि भूगोलाचा मास्तर ल्युबेन तिच्याकडे बघत तासन्‌तास बसे. बर्फात गोठवलेला मेलेला उंदीर त्यानं अकरा वेळा गरम करून दिला, अकराही वेळा तिनं मान फिरवली. घरचा ताजा उंदीर खाईल, असं कुणी सांगितलं म्हणून त्यानं बैठकीच्या कपाटात उंदरांची जोडी पाळली. सहा पिल्लं झाली. सूर्यफुलाच्या बिया खाऊन ती गुटगुटीत झाली, आणि आज पहिलं पिल्लू रोसित्साला द्यायचं होतं.

नेमक्या सकाळच्या बसनं खेड्याहून सासूबाई, देनाबाई, आल्या. ल्युबेननं घाईघाईनं पेटीवर टेबलक्लॉथ टाकला. ही अजगरीण त्यानं चार वर्षं सासूपासून लपवली होती.

"आज उंदरांचा दिवस," देनाबाई टेकताच म्हणाल्या. "कात्री धरायची नाही, कपाट उघडायचं नाही. नाहीतर वर्षभर घर कुरतडतात मेले."

कपाट उघडायचं नाही! ल्युबेनचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कपाट चीं चीं करू लागलं.

"हे काय वाजतंय?"

"पाइप, आई. जुनी इमारत."

कपाटाच्या फटीतून एक गुलाबी नाक बाहेर आलं आणि देनाबाईंकडे बघत राहिलं.

"मी सांगत होते," ल्युबेनची बायको झ्लात्का म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

देनाबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "यावर एकच उपाय. लग्न लावायचं."

"कुणाचं?"

"या जोडीचं! नटवून, वाजतगाजत बाहेर सोडायची. मग सगळं बिऱ्हाड आपसूक मागं जातं. तू कूम हो."

कूम म्हणजे लग्नात जोडीच्या पाठीशी उभा राहणारा. पुढं त्यांच्या मुलांची नावंही तोच ठेवतो आणि त्यांच्या केसालाही धक्का लागू देत नाही.

"आई, त्यांना सहा पोरं आहेत."

"आत्ताच? मग तर आजच उरकायला हवं! मी डोळे मिटते, तू कपाट उघड."

नवरीचं पोट जरा जडच होतं. टोपलीत जिरॅनियमची फुलं, दोघांच्या गळ्यात लाल दोरा. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर क्लॅरिनेट घेऊन आपणहून आले. मारित्सा नदीच्या काठी पिवळी पानं संथ गळत होती, क्लॅरिनेटचा सूर पाण्यावर रेंगाळत होता, आणि चालता चालता ल्युबेनला आपण खरंच कुणाच्या तरी लग्नाला निघालोय असं वाटू लागलं. त्याचे डोळे भरून आले.

टोपली उघडली. नवरानवरीनं हवा हुंगली आणि दोघं सरळ ल्युबेनच्या बाहीत शिरली.

"कूमकडेच आली की रे," देनाबाई रुमालाच्या टोकानं नाक पुसत म्हणाल्या. "आता कशी हाकलणार?"

घरी येऊन ल्युबेननं जोडी परत कपाटात ठेवली आणि वळून बघतो तो पेटीवरचा टेबलक्लॉथ घसरलेला. देनाबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि वाकून नमस्कार केला.

"घरधनी! घर राखणारा साप! आमच्या आजीच्या उंबऱ्याखाली असाच होता. आणि चार वर्षं एका शब्दानं बोलला नाहीस? किती रोडावलाय! काही खायला घालतोस की नाही?"

ल्युबेननं कपाटातून एक पिल्लू उचललं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच रोसित्सानं मान उचलली. जीभ लवलवली. पिल्लानं दोन्ही हातांनी ल्युबेनचा अंगठा धरला.

"अगं, मी याचा कूम आहे," तो रोसित्साला रडवेल्या आवाजात म्हणाला आणि त्यानं पिल्लू परत ठेवलं. मग त्याच हातांनी बर्फातला उंदीर बाराव्यांदा गरम पाण्यात टाकला, पुसला, चोळला आणि पुढं धरला. रोसित्सानं हुंगलं. उंदराला पिल्लाचा वास लागला होता. तिनं अलगद तोंड उघडलं.

"लग्नाचं जेवण कोण सोडतं?" देनाबाई म्हणाल्या.

"आणि कपाटातल्या त्या आठ जणांचं काय करायचं?" झ्लात्कानं दारातून विचारलं.

ल्युबेन कपाटाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. आतून अगदी बारीक, नवीन चीं चीं येत होती.

"आठ नाहीत," तो हळूच म्हणाला. "नवरी पुन्हा बाळंत झालीय."

"बस मग नावं शोधत, कूम," देनाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. "चला, ही तरी लग्नानंतरची!"