नथूशेठ आणि दोन संत

लोधीपुऱ्यात मी भाडेकरू म्हणून राहायला आलो, त्याच दिवशी शेजारच्या नथूशेठनी माझं उपरणं जाळलं. सगळं नाही, एक धागाच. पण आपल्या अंगावरच्या वस्त्राचा धागा परका माणूस ‘या, बसा’ म्हणता म्हणता ओढतो, खिशातून काडीपेटी काढतो आणि आपल्या डोळ्यांदेखत पेटवतो, तेव्हा धागा एक होता की दहा, याचा विचार आपण करत बसत नाही.

शेठनी धूर नाकात ओढला, राख चिमटीत चुरडली आणि सुतकी चेहऱ्यानं विचारलं, “मास्तर, कोणी दिलं हे?”

“सासऱ्यांनी. अस्सल रेशीम आहे.”

“सूत आहे. खळ लावून चमकवलं. रेशीम जळलं म्हणजे केस जळल्याचा वास येते. हे कागदासारखं जळून राहिलं.”

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षं मी ते उपरणं सणासुदीला मिरवत होतो आणि सासऱ्यांचं मन किती मोठं ते चारचौघांत सांगत होतो. शेजारी लाभावा तर असा!

नथूशेठ जरीचे व्यापारी. आमच्या बऱ्हाणपुरात सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार केसाइतकी बारीक ओढतात, चपटी करतात आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात, ती झाली खरी जर. खोट्या जरीत चांदीच्या जागी तांबं. वरून दोघी सख्ख्या बहिणी. मात्र काडी लावली की रेशीम जळून जातं, चांदी पांढरी राहते आणि तांबं काळं पडतं. धंद्याला ही परीक्षा योग्यच आहे. पण नथूशेठनी ती दुकानापुरती ठेवली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. त्यांनी व्याह्यांचे फेटे जाळले, कीर्तनकाराची शाल जाळली, एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या शेल्याला काडी लावली. नवऱ्याचा बाप अंगावर धावून आला, तर शेठ शांतपणे म्हणाले, “ओरडू नका. शेला खरा आहे. पोरगी द्यायला हरकत नाही.” पोरगी त्यांची नव्हती, ही गोष्ट निराळी.

‘जळल्यावरच बोलते ते,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस असो, माल असो, सरकारी जाहीरनामा असो, शेठ मान हलवून म्हणायचे, “असं तोंडावर नका जाऊ मास्तर. जळल्यावरच बोलते ते.”

घरात ते आणि त्यांचा नातू मुरलीधर, एवढीच माणसं. मुरलीची आई, म्हणजे शेठची एकुलती एक मुलगी, प्लेगात गेली. बापानं दुसरं घर केलं. तेव्हापासून पोरगं आजोबांकडे. माझ्या शाळेत ते चौथीपर्यंत होतं आणि खरं सांगतो, त्याच्या वर्गात शिरण्याआधी मीच धडा घरी दोनदा वाचून जायचो. चुकलं की पकडायचं! पुढे गावच्या शाळेतलं मिडलपर्यंतचं इंग्रजी त्यानं हां हां म्हणता संपवलं. त्यापुढे आमच्या गावात इंग्रजी नव्हतं. पोरगं तेरा वर्षांचं झालं होतं आणि बाहेर धाडलं नाही तर गादीवर बसून धागे हुंगण्यात जन्म जाणार, हे उघड होतं.

मी बाहेरगावच्या सरकारी हायस्कूलचं नाव काढलं.

“तिथं कोण शिकवते?” शेठ म्हणाले.

“मास्तर शिकवतात.”

“तुमच्यासारखे?”

“हो, माझ्यासारखेच.”

“मंग राहू द्या,” शेठ म्हणाले.

त्यांना हवे होते पाद्री. त्यामागचं तर्कशास्त्र असं, की पाद्र्याला बायको नाही, पोरं नाहीत, शेत नाही, कोणाच्या बारशाला जायचं नाही. मग दुसऱ्याच्या पोरांना घासण्यावाचून त्याला काम काय? लोधीपुऱ्यानं हे ऐकलं मात्र, सगळा मोहल्ला डोक्यावर घेतला. पोरगं बाटणार! कोपऱ्यावरचा तुपाचा व्यापारी तर मुद्दाम ओट्यावर येऊन रडवेला झाला. शेठ त्याला म्हणाले, “तुझं तूप खाऊन राहिलो ना वीस वर्षांपासून? अजून काय बाटायचं बाकी आहे?”

अशा दोन शाळा माझ्या ऐकिवात होत्या. एक आमच्या बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावरून वरच्या गाडीनं जाण्यासारखी, दुसरी खालच्या गाडीनं. दोन्हींची नावं कुठल्या ना कुठल्या विलायती संतांची. ती शेठच्या जिभेवर कधी बसलीच नाहीत. म्हणून एक झाला ‘वरचा संत’ आणि दुसरा ‘खालचा संत’. पत्रं लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मोहल्ल्यात इंग्रजी येणारा आणि नाही म्हणता न येणारा असा मी एकटाच होतो.

काय ती पत्रं! शेठ सांगायचे आणि मी लिहायचो. वरण कोण करते? पोरगं डावीकडे भिंत असल्याशिवाय झोपत नाही, तशी खाट आहे काय? तुमचे फादर फादर व्हायच्या आधी काय करत होते? घंटा किती वेळा वाजते आणि तिचा आवाज कसा आहे? मी शेवटी लेखणी ठेवली. म्हटलं, “शेठ, घंटेचा आवाज इंग्रजीत कसा लिहायचा असतो, मला शिकवलेलं नाही.”

“मंग आपण जाऊनच ऐकू,” शेठ म्हणाले.

आणि आम्ही गेलो. आधी वरच्या संताकडे. शेठनी वाटेत प्यायला म्हणून तांब्याच्या कळशीत राजघाटावरचं तापीचं पाणी घेतलं होतं. ती कळशी माझ्या मांडीवर. असीरगडचा किल्ला खिडकीतून दिसेपर्यंत निम्मं पाणी माझ्या धोतरात उतरलं होतं आणि समोरचा एक भला माणूस मला विचारत होता, “तबियत ठीक आहे ना?”

शाळा मोठी टोलेजंग होती. तिथले मुख्य फादर उंच, गोरेपान, शुभ्र झग्यातले. त्यांनी इमारत दाखवली, नियम सांगितले, नियम मोडल्यावरचे नियम सांगितले. सगळं ऐकून शेठनी माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला.

“घरची आठवण येऊन पोरगं रडलं, तर काय करता?”

फादर हसले. म्हणाले, “आमच्याकडे कोणी रडत नाही.”

शेठ निरोप घेताना एवढे लवून पाया पडले, की फादर पार विरघळले. मी मात्र ओळखलं. बाहेर चिंचेखाली आल्यावर शेठनी मूठ उघडली. झग्याच्या काठाचा पांढरा धागा! काडी पेटली. शेठनी हुंगलं.

“मिलावट,” ते म्हणाले. “अर्धं लोकर, अर्धं सूत.”

“अहो, शाळा कशी वाटली?”

“तेच सांगून राहिलो ना.”

महिन्याभरानं खालच्या संताकडे. ही शाळा बैठी, कौलारू, पत्र्याची पन्हाळ दोरीनं बांधलेली. इथले फादर ठेंगणे, दाढीवाले. आम्ही गेलो तेव्हा खिडकीत बसून स्वतःच्या झग्याची बाही रफू करत होते. मराठी तोडकंमोडकं बोलत होते, पण बोलत होते. शेठचा हात खाली गेला आणि फादरनी तो वरच्या वर पकडला!

मी घाईनं मध्ये पडलो. कसंबसं सगळं सांगितलं. जर, तांबं, काडी, उपरणं, सासरे, सगळं. फादरनी ऐकून घेतलं, कात्रीनं झग्याच्या आतल्या शिवणीचा धागा कापला, मेणबत्ती लावली आणि शेठपुढे धरली. दोन म्हातारी डोकी त्या ज्योतीवर वाकली.

“सूत,” शेठ म्हणाले. “खरं आहे. पण जाडंभरडं.”

“हो, जाडंभरडं,” फादर खुशीत म्हणाले.

मग तोच प्रश्न. पोरगं रडलं तर?

फादरनी मेणबत्ती विझवली. “रडतात,” ते म्हणाले. “पहिला महिना सगळीच रडतात. मी जवळ बसतो. आणखी काय करणार? मीसुद्धा आईला एकोणीस वर्षं पाहिलेलं नाही.”

मला वाटलं, सुटलो! गाडीत बसल्यावर शेठना विचारलं, तर म्हणाले, “नापास. स्वतः रडते तो माणूस. पोराला काय सांभाळेल?”

झालं. पुढचं पाऊण वर्ष असंच गेलं. वरच्या संताकडे मिलावट, खालच्या संताकडे रडारड. मी दोन्हीकडे अर्ज लिहून दिले, ते शेठनी टपालात टाकायला नेले आणि उत्तर काही येईना. मी आठवणीची पत्रं लिहिली, तीही शेठनीच नेली. “पाद्र्यांना फुरसत नसेल,” शेठ म्हणायचे. फुरसत नसलेले हेच ते पाद्री, ज्यांना दुसरं कामच नव्हतं! इकडे मुरलीला चौदावं संपत आलं. चौदा पुरी झाली की दोन्ही संत दार लावणार होते. मुरली माझ्या घरी येऊन माझंच जुनं इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचत बसे. ते बघवत नव्हतं.

एक दिवस पोस्टमन भेटला. मी सहज म्हटलं, “काय रे, त्या शाळांकडून एक चिटोरं नाही?”

“चार पाकिटं आली मास्तर. शेठजींच्या हातात देऊन राहिलो ना मी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळची वेळ होती. शेठ राजघाटावर आंघोळीला असणार, हे ठाऊक होतं. तसाच गेलो. शेठ ओल्या पंचानं पायरीवर उभे होते, सूर्याला पाणी देत होते. मी सूर्याचाही मुलाहिजा ठेवला नाही.

“शेठ, पत्रं कुठं आहेत?”

शेठनी ओंजळीतलं उरलेलं पाणी सोडून दिलं.

“दोन्ही शाळा पोराला घ्यायला तयार आहेत ना? आणि माझी आठवणीची पत्रं तुम्ही टपालात टाकलीच नसणार. गावभर दुसऱ्यांचे धागे जाळता आणि घरात हा धंदा? लाज नाही वाटत? त्या पोराचं वाटोळं करताय तुम्ही!”

घाटावरच्या चार बायका धुणं थांबवून बघायला लागल्या. शेठ हळूच पायरीवर बसले. पंचाचं टोक त्यांनी माझ्यापुढे धरलं.

“घ्या मास्तर. माझाच धागा ओढा आणि जाळून बघा,” ते म्हणाले. “काळा निघेन मी.”

मी ते टोक बाजूला सारलं.

“दिवसभर धागे जाळतो,” शेठ पाण्याकडे बघत म्हणाले. “संध्याकाळी तो तुमच्याकडून घरी येते. डोळे मिटून हुंगते आणि सांगते, आजोबा, हे रेशीम, हे सूत. त्याचं नाक माझ्याहून तेज आहे. तो गेला की मी कोणाला विचारू? बरोबर कोण म्हणेल मला?”

मी त्यांच्याशेजारी बसलो. आता रागावणार तरी कोणावर? मग मीच म्हटलं, “मुरलीच्या वाढदिवसाला आठ दिवस राहिलेत. वरचा की खालचा?”

“खालचा.”

“पण तो तर रडतो म्हणालात.”

“वरचा म्हणे, कोणी रडत नाही. दोनशे पोरं आणि कोणी रडत नाही? मिलावट!” शेठनी डोळे पुसले. “खालचा खरं बोलला. मला तेव्हाच समजलं होतं.”

लालबागच्या स्टेशनावर मुरलीला गाडीत बसवायला आम्ही दोघं गेलो. पोहोचवायला मी बरोबर जाणार होतो. शेठ डब्यापाशी उभे राहून त्याला एकसारखं सांगत होते, अंथरुणाला कुबट वास आला तर सांग, गप राहू नको. गाडी हलली तरी खिडकीची दांडी सोडेनात. शेवटी गार्डानं ओरडून सोडायला लावली.

पंधरा दिवसांनी मुरलीचं पत्र आलं. मराठीतच होतं, शेठना वाचता येत होतं, तरी ते घेऊन माझ्याकडे आले. “तुम्ही वाचा मास्तर. माझा चष्मा ठीक नाही.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी वाचलं. ‘ती. आजोबांस सा. न. वि. वि. मी मजेत आहे. वरण पातळ असते. खाटेच्या डावीकडे भिंत आहे. इथलं ब्लँकेट खरी लोकर आहे. मी जाळून पाहिलं. फादरनी पाच छड्या मारल्या, मग जवळ बसवून वास कसा ओळखायचा ते विचारून घेतलं. एक धागा सोबत पाठवला आहे. तुम्ही पण पाहा आणि बरोबर आहे का ते कळवा.’

पाकीट झटकलं, तर करड्या लोकरीचा बोटभर धागा चटईवर पडला. शेठनी तो उचलला. सवयीनं त्यांचा हात खिशात गेला आणि काडीपेटी बाहेर आली. मी वाट बघत होतो.

त्यांनी पेटी उघडली. आतल्या काड्या माझ्या चटईवर ओतल्या, रिकाम्या पेटीत तो धागा गुंडाळून ठेवला आणि पेटी खिशात घातली.

“शेठ, बघायचं नाही का?” मी विचारलं.

“लोकरच आहे,” शेठ म्हणाले. “लिहा त्याला. बरोबर आहे म्हणावं.”