काट्टुकुळमच्या संगणकाचा अकरावीप्रवेश

माणूस लग्न एका दुपारच्या चहावर ठरवतो, घराला रंग कोणता द्यायचा हे रंगाऱ्यावर सोडतो, आणि सरकार कोणाचं यावं हे तर रांगेत उभ्याउभ्या ठरवतो. खोल विचार म्हणून जो काही त्याच्याजवळ असतो, तो संगणकाची सिस्टीम बदलावी की नाही या प्रश्नासाठी राखून ठेवलेला असतो. काट्टुकुळम गावच्या ज्ञानदीपम वाचनशाळेने हा विचार एक वर्ष, चार महिने आणि काही दिवस केला. (दिवसांचा नेमका आकडा इतिवृत्तात आहे, पण त्या पानावर चहा सांडला.)

वाचनशाळेत संगणक एकच. त्याच्यासमोर ग्रंथपाल ओमना बसते, रोज संध्याकाळी चार ते आठ. वय त्रेपन्न, चष्मा कपाळावर, आवाज हळू. नऊ वर्षांत तिने अकरा हजार चारशे बासष्ट पुस्तकांची यादी एकटीने, दोन बोटांनी, त्या यंत्रात चढवली होती. यादीतला शेवटचा रकाना 'शेरा'. नियमाप्रमाणे तिथे 'सुस्थितीत' किंवा 'जीर्ण' एवढंच लिहायचं असतं. ओमनाने लिहिलं होतं : 'शेवटचं पान वर्कीने फाडलं. खुनी कोण ते आता वर्कीलाच विचारावं.' 'परत आलं तेव्हा खुणेला माशाचा काटा.' 'सरोजिनीने अकरा वेळा नेलं. अकराव्यांदा रडली नाही.' हे शेरे कोणी वाचत नसे, म्हणून ते खरे होते.

संगणकात जी सिस्टीम होती तिला गावात 'दहावी' म्हणत, कारण ती त्या मालिकेतली दहावी होती. एके दिवशी पडद्यावर सूचना आली : दहावीची काळजी कंपनी यापुढे घेणार नाही. अकरावी तयार आहे. आता घालू, की नंतर आठवण करू? ओमनाने 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशीही दाबलं. असे तीन महिने सुखात गेले.

मग एका संध्याकाळी वाचनशाळेचे अध्यक्ष दिवाकरन माष तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. (माष म्हणजे मास्तर. ते एकतीस वर्षं मुख्याध्यापक होते. निवृत्तीने पगार थांबतो, माष थांबत नाही.)

"ओमने, हे काय विचारतंय?"

"रोजच विचारतं, माष."

"आणि तू रोज काय सांगतेस?"

"नंतर म्हणून."

"कोणाच्या अधिकारात?"

सभा बोलावण्यात आली.

सभेत प्रश्नाच्या दोन्ही बाजू निर्भयपणे मांडल्या गेल्या. चिटणीस तोमाचन हे रबराचे व्यापारी आणि प्रगतीचे माणूस. ते म्हणाले, "माझ्या घरी अकरावी आहे. फार फरक पडतो. डावीकडचं बटण मधोमध आलंय."

"आणखी काय फायदा?" कोणीतरी विचारलं.

"मधोमध आलंय म्हणतोय ना!"

शिंपी सुगतन, ज्यांना सगळं गाव सखाव, म्हणजे कॉम्रेड, म्हणतं, ते ताडकन उठले. "आज अकरावी घाला म्हणतील, उद्या बारावी. आपण काय त्यांचे विद्यार्थी आहोत? जगात फुकटची सिस्टीम आहे, जनतेने जनतेसाठी केलेली. ती घाला!"

"तुम्ही बघितलीय का ती?" तोमाचननी विचारलं.

"तत्त्व आहे ते. तत्त्व बघावं लागत नाही."

ओमनाने हळूच हात वर केला. "माझी यादी आहे त्यात. घातल्यावर यादी राहील का? आणि नाही घातलं तर तरी राहील का?"

साऱ्या चर्चेत हा एकच मुद्द्याचा प्रश्न होता. पत्रिकेवर नसल्यामुळे तो घेता आला नाही.

माषनी समारोप केला. "दहावीतून अकरावीत जायचं तर आधी निकाल लागतो. या यंत्राचा निकाल कुठे आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पोटसमिती नेमली. (तीन सदस्य, एक निमंत्रित, आणि एक जण जो चुकून त्या खोलीत बसला होता.)

पोटसमितीने हयगय केली नाही. अकरावी घेण्यापूर्वी कंपनीच्या अटी 'वाचल्या व मान्य' असं सांगावं लागतं. आजवर हे सांगणारे कोट्यवधी लोक होऊन गेले. वाचणारे दिवाकरन माष पहिले. त्यांनी चौऱ्याहत्तर पानं छापून घेतली, पाच महिने लाल पेन घेऊन वाचली, व्याकरणाच्या दोनशे बारा चुका काढल्या आणि 'पुन्हा लिहून आणावे' असा शेरा मारून ती पानं रजिस्टर पोस्टाने कंपनीला पाठवली. पाकीट परत आलं. पत्ता अपुरा होता.

दरम्यान सभासदांचं मत अजमावण्यात आलं. चारशे अठरांपैकी शहाण्णव जणांना अकरावी हवी होती, अठ्ठ्याऐंशींना नको होती, एकशे एकतीस जणांनी आधी पंखा दुरुस्त करा असं कळवलं, आणि चाळीस पालकांनी अकरावीला विज्ञान शाखा मिळेल का याची चौकशी केली. उरलेल्यांनी कागद परत दिला नाही. एका दुकानदाराला तो पुड्या बांधायला बरा पडला.

इकडे संगणकाचं वय बोलू लागलं होतं. सुरू व्हायला त्याला आधी एक चहा लागे, आता चहा आणि वर पळंपोरी लागू लागली. तळलेलं केळं संपेपर्यंत पडदा काळाच. एका मंगळवारी ओमनाने यादी उघडली आणि यादी उघडलीच नाही. पांढरं पान. तिने पुन्हा दाबलं. पांढरं. अकरा मिनिटं ती त्या पांढऱ्याकडे बघत बसली. नऊ वर्षं, वर्की, माशाचा काटा, सरोजिनी, सगळं कुठेतरी गेलं होतं आणि आजूबाजूला माणसं नेहमीसारखी वर्तमानपत्र वाचत होती. मग यादी आली, जणू पाणी प्यायला गेली होती. ओमनाने मात्र वाचनशाळा बंद होईपर्यंत ती पुन्हा मिटली नाही.

तिने त्याच संध्याकाळी तोमाचनना गाठलं. "चिटणीस, यादी जाईल हो."

"नाही जाणार, चेची. अंतिम अहवाल आता फक्त टाइप व्हायचाय." (चेची म्हणजे ताई.)

"कशावर टाइप करणार?"

"याच संगणकावर. तो जरा चालला की."

अखेर ठराव सर्वानुमते मंजूर झाला. (सुगतननी नऊ पानी विरोध नोंदवला. तोही सर्वानुमते नोंदवला गेला.) रविवारी समारंभ झाला. समई लावली, चहा फिरला, संगणकाला झेंडूची माळ घातली, ती उष्णतेने सुकू लागली तेव्हा काढली, आणि दिवाकरन माषनी 'आता घाला'वर बोट ठेवलं.

यंत्र बराच वेळ विचारात पडलं. मग पडद्यावर अक्षरं आली. ओमनाने ती मोठ्याने वाचली, "क्षमस्व. हा संगणक अकरावीस पात्र नाही."

माषचा चेहरा उतरला. एकतीस वर्षांत त्यांच्या शाळेतलं एकही पोर प्रवेशावाचून राहिलं नव्हतं.

"कारण काय दिलंय?" त्यांनी विचारलं.

"आतला एक भाग जुना आहे म्हणे."

"म्हणजे वयावरून?" चौऱ्याहत्तर वर्षांचे माष म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "वयावरून नाकारतात?"

दहा मिनिटांत नवा ठराव झाला : कंपनीने आम्हाला अकरावी नाकारलेली नसून आम्हीच ती नाकारत आहोत. तोमाचननी तो मांडला, सुगतननी अनुमोदन दिलं. त्या दोघांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. टाळ्या झाल्या. एक वर्ष चार महिन्यांनी दहावी होती तिथेच होती, पण आता ती तत्त्वावर उभी होती. सगळे समाधानाने जेवायला गेले.

ओमना गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने संगणकाचा डबा चादरीत गुंडाळला, मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि नाक्यावरच्या लिसम्माच्या दुकानात उतरली. लिसम्मा झेरॉक्स काढते आणि बंद पडलेलं सगळं उघडून बघते.

"समितीचं पत्र आणलंय का, चेची?"

"नाही."

"मग लवकर होईल."

लिसम्माने आधी यादी एका पेनड्राइव्हवर उतरवली आणि तो ओमनाच्या मुठीत दिला. मग डब्यातली जुनी सिस्टीम पुसून दुसरी घातली. चाळीस मिनिटं लागली. ओमनाने तेवढा वेळ मूठ उघडली नाही.

"ही अकरावी?"

"अकरावी कसली! ही फुकटची. सखाव सांगतात ना, ती. जुन्या यंत्रावर मजेत पळते."

"त्यांना सांगू नकोस हं."

"का?"

"मग बिचारे भाषण कशावर करतील?"

लिसम्माने पडद्यावर पूर्वीचंच हिरव्या टेकडीचं चित्र लावलं आणि बटण पूर्वीच्याच कोपऱ्यात ठेवलं. ओमनाने यादी उघडली. अकरा हजार चारशे बासष्ट. सरोजिनी जागेवर होती. तिने लिसम्माचा हात घट्ट धरला, आणि मग आपण हात धरला म्हणून लाजून, तुझा पंखा फार जोरात फिरतो गं, असं काहीतरी म्हणाली.

याला आता सात महिने झाले. संगणक चुटकीसरशी सुरू होतो. दिवाकरन माष त्यावर रोज पत्ते खेळतात आणि म्हणतात, "बघ ओमने, जुनं ते सोनं. पत्तेसुद्धा आताशा नीट पिसतो." सुगतन त्याच संगणकावर हात आपटून भांडवलदारांच्या सिस्टीमचा धिक्कार करतात. तोमाचनना गाव मागासलेलं राहिल्याचं दुःख आहे. पोटसमिती बरखास्त झालेली नाही. बारावी आली तर काय भूमिका घ्यावी यावर ती दर पंधरवड्याला बसते, आणि ओमना त्यांना चहा देते.

हे वाचून हसणाऱ्या शहाण्या वाचकाच्याही घरात किंवा कचेरीत असा एखादा प्रश्न असेलच, ज्याची तो वर्षभर साधकबाधक छाननी करतो आहे. त्याने छाननी खुशाल चालू ठेवावी. फक्त घरच्यांना काही विचारू नये. आपल्याला अजून काहीच अडलेलं नाही, याचा अर्थ प्रश्न सोपा आहे असा होत नाही. तो कोणीतरी कधीच सोडवून टाकला आहे, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलेलं नाही, एवढाच होतो.