बुजगावण्याचा कोट

"जुनं कापड नुसतं माह्या हातावर ठेवा. डोळे मिटून त्याचं साल सांगतो!"

खामगावच्या धम्मदीप गवई सरांची ही बढाई शाळेच्या शिपायापासून दाढी करणाऱ्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झाली होती. सर शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात जुन्या वस्तू जमवत. घरातली मागची खोली या वस्तूंनी गच्च भरली होती. पत्र्याच्या मोटारी, चावीचं माकड, पोळ्याला बैलांच्या पाठीवर टाकायच्या भरतकामाच्या झुली, लग्नमांडवातले कागदी मोर, जयंतीच्या कमानीवरचं लाकडी चक्र, कुणाकुणाच्या आजोबांच्या टोप्या आणि बंड्या! त्या खोलीत शिरायचं तर आडवं होऊन शिरावं लागे, आणि बाहेर यायचं तर आधी शिंकावं लागे.

सरांच्या बायकोनं, मंजुश्रीनं, हे बारा वर्षं सहन केलं. तेराव्या वर्षी तिनं तोंड उघडलं.

"रविवारी माहे बाबा येऊन राह्यले. डोळ्याचं ऑपरेशन हाय त्याईचं. दोन महिने राहतीन. खाट मागच्या खोलीत पडते."

"अन् माह्या वस्तू?"

"सोमवारी भंगारवाला बोलावला हाय."

सरांच्या हातातला चहा बशीत सांडला. भंगारवाला! ते गयावया करायला लागले. वस्तूंचं मोल, इतिहास, पुढची पिढी, सगळं बोलून झालं. शेवटी मंजुश्रीनं एक अट घातली. "एक वस्तू दाखवा, एकच! जब्बारचाचानं पाहून म्हटलं पाह्यजे, की हे जपून ठेवण्यासारखं हाय. मंग खोली तुमची. बाबाची खाट बैठकीत टाकू."

जब्बारचाचा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले म्हातारे शिंपी. अर्ध्या गावाचे कपडे त्यांच्या हातून गेलेले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, त्यामुळे तीन गिऱ्हाइकं तुटली होती. दोघांनाही पंच म्हणून ते मान्य होते. रविवारी चार वाजता निकाल!

आता गंमत अशी, की सरांनी रात्री मनातल्या मनात सगळी खोली धुंडाळली, आणि जब्बारचाचांसमोर छाती काढून ठेवावी अशी एकही वस्तू त्यांना सापडली नाही. माकडाची चावी हरवलेली, झुलींना कसर लागलेली, मोरांना मानाच नाहीत. सर पहिल्यांदाच घाबरले.

गुरुवारी ते चिखलीला सासऱ्यांकडे गेले होते. सासरे कारभारी तायडे, निवृत्त पोस्टमन. ऑपरेशनचे कागद सरांच्या हाती देताना त्यांनी एक पिशवीही दिली. "मंजूसाठी साडी घेतली जावाईबापू. माह्या हातानं पसंत केली. डोळे जायच्या आधी शेवटची खरेदी समजा!" लालभडक साडी, जरीचे रुंद काठ. सरांनी पिशवी छातीशी धरली आणि खामगावची एसटी पकडली.

वाटेतलं अमडापूर मागे पडलं, आणि खिडकीतून सरांना तो दिसला. कणसं धरलेल्या ज्वारीत हात पसरून उभा! डोक्याच्या जागी चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं, आणि अंगात... सर ताडकन उठले.

"थांबवा! गाडी थांबवा!"

"काय झालं सर? पोट बिघडलं का?" वाहकबाईंनी विचारलं.

"कोट! कोट!"

"कोनाचा कोट? पडला का खाली?"

"त्या माणसाचा!"

"कोन्त्या माणसाचा? ते बुजगावणं होय न बाप्पा!"

सगळी गाडी डाव्या खिडक्यांवर लोटली. एका आजीनं तर बुजगावण्याला हातही जोडले. सर तोपर्यंत खाली उतरून बांधावरून धावत सुटले होते.

त्यांनी जवळून पाहिलं. बंद गळ्याचा, मूळचा किरमिजी असावा असा कोट. उन्हापावसानं रंग उडालेला, पण शिवण म्हणाल तर एक टाका हललेला नाही! पितळी बटणं. बाहीवर कधीकाळी जर लावल्याच्या खुणा. सरांनी डोळे मिटून हात फिरवला. शंभर वर्षं! कुण्या सरदाराचा, नाहीतर राजाच्या दिवाणाचा! खोली वाचली!

तेवढ्यात ज्वारीतून एक शेतकरी हात जोडतच बाहेर आला. हे किसनराव. हातात कागद आणि पिशवी घेऊन वावरात शिरलेला शर्टप्यांटवाला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी एकच असू शकत होता.

"सायेब, पंचनाम्याले आले का? या न! हे पाहा नुसकान! जनके, चहा टाक व, सायेब आले!"

पुढची वीस मिनिटं सरांना धड मरू ना धड जगू अशी गेली. किसनरावांनी त्यांना किडलेली कणसं दाखवली, फुटलेला पाइप दाखवला, रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, तुडवलेला कोपरा दाखवला आणि शेवटी स्वतःच्या गुडघ्यावरची सूजही दाखवली. चहा पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "मी सायेब नाही. मास्तर हाय. मले तुमचा हा कोट पाह्यजे."

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. जनकाबाईंनी मास्तरांना एकदा वरून खालपर्यंत पाहिलं.

"बुजगावण्याचा?"

"हो! तुम्हाले माहीत नाही तुमच्याजवळ काय हाय!"

"माहीत हाय न. तो कोट म्हंजे माह्या मेव्हण्याचा..."

"सांगू नका!" सरांनी हात वर केला. "मी सांगतो. जुन्या कापडाचं वय मले हातानं समजते!"

"पण सर, तो मेव्हणा..."

"एक शब्द बोलू नका!"

किसनराव गप्प बसले. शिकलेल्या माणसाला किती वेळा अडवणार? सरांनी पाकीट काढलं. किसनरावांनी मान हलवली. "पैशाची गोठ नाही सर. तीन वर्षं झाले, मिठ्ठू या कोटाले भेऊन राह्यले. दाणा दुधात हाय. कोट काढला तं थवा एका दिवसात वावर साफ करते. त्याच्या जागी दुसरं काही द्या, पाखरं भ्यायले पाह्यजे, अन् घेऊन जा."

सरांनी तिथल्या तिथं शर्ट काढला. बुजगावण्याला सरांचा निळा चौकड्यांचा शर्ट चढला. सगळे बांधावर बसून पाहू लागले. दोन मिनिटांत एक पोपट आला आणि थेट शर्टाच्या खांद्यावर बसला. मग त्यानं भावकीला हाका मारल्या.

"याले नाही भेत," किसनराव म्हणाले.

सरांनी कमरेला बांधलेला स्वेटर दिला. पोपट स्वेटरवर बसले आणि लोकर उपसायला लागले. सरांनी मफलर दिला. एक चिमणी मफलरात घरटं बांधायची जागा पाहून गेली!

जनकाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "सर, शाळेत तरी पोट्टे भेतात का तुमाले?"

जानेवारीचा वारा, अंगात नुसतं बनियन, आणि खामगावची गाडी पाऊण तासात! सरांची नजर साडीच्या पिशवीवर गेली. त्यांनी ती बाजूला वळवली. ती पुन्हा तिथंच गेली. शनिवारी येऊन बदली वस्तू द्यायची, साडी परत न्यायची, मंजुश्रीला कळायचंही नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न होता!

लालभडक साडी वाऱ्यावर फडफडली मात्र, अख्खा थवा किंचाळत शेजारच्या वावरात पळाला. किसनरावांनी टाळी वाजवली. "हे पाहा! लग्नातली दिसते, का जी?"

सरांनी कोट घडी घालून छातीशी धरला.

शनिवारी जायचं होतं. पण शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन निघालं आणि पडदा रंगवायला सरांशिवाय कोण? पडदा रंगवून संपला तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती. सरांनी स्वतःला समजावलं, की मामाजी, म्हणजे सासरे, रविवारी याच रस्त्यानं येतील खरे, पण मोतीबिंदू झालेल्या माणसाला गाडीतून काय दिसणार?

मोतीबिंदू झालेल्या माणसाला लाल रंग मात्र चांगला दिसला!

रविवारी साडेतीन वाजता कारभारी तायडे घामाघूम होऊन दारात उभे राहिले. हातात वळकटी, आणि खांद्यावर ती साडी. मंजुश्रीला पाहताच त्यांनी वळकटी टाकली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"पोरी, तू घरातच हायेस न?"

"घरात नाही तं कुठी असीन बाबा?"

"म्या खिडकीतून पाह्यलं, माही साडी नेसून तू वावरात हात पसरून उभी! वाटलं, जावायानं घरातून काढलं का काय हिले! गाडी थांबवली, पळत गेलो, हाका मारतो तं ऐकेना. जवळ जाऊन पाहतो तं मडकं!" म्हाताऱ्यानं कपाळावरचा घाम पुसला. "माही छत्री देऊन सोडवून आणली साडी."

मंजुश्री हळूच नवऱ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं साडी झटकली, दोन ज्वारीचे दाणे खाली पडले, ते उचलून तिनं सरांच्या तळहातावर ठेवले. सरांना खरोखर लाज वाटली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या मागच्या खोलीचा राग आला.

पण निकाल बाकी होता! जब्बारचाचा बरोबर चारला आले. चहा घेतला, चष्मा पुसला. "दाखवा सर, काय हाय ते."

सरांनी पांढऱ्या चादरीवर कोट मांडला. घसा साफ केला. "चाचा, अंदाजे शंभर वर्षं. संस्थानी कोट. कुण्या मोठ्या सरदाराचा."

चाचांनी बोटानं कॉलर उलटी केली. मग एकेक काज पाहू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. मग खाली बसले.

"काय झालं चाचा?"

"बावीस वर्षं," चाचा म्हणाले. "शंभर नाही. बावीस. बँडपार्टीचा कोट हाय हा. क्लॅरनेट वाजवणाराचा. चौदा शिवले होते म्या, दुकान टाकलं त्या साली. पहिलं मोठं काम होतं. रातंदिस शिवलं."

मंजुश्रीनं पदर तोंडावर घेतला. मेव्हण्याचं सांगू पाहणारे किसनराव सरांना आत्ता ऐकू आले. तो मेव्हणा बँडवाला होता तर!

"अन् हे काज," चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, "हे माह्या घरवालीचे, खुर्शीदाचे हायेत. चौदा कोटांचे सगळे काज तिनं केले. आता तिले सुईत दोरा ओवता येत नाही. पाहा, उन्हात, पाण्यात उभा होता, एक काज उसवला नाही! सर, तुमची नजर मानली. ही चीज जपून ठेवण्यासारखी हाय!"

"ऐकलं?" सर उडीच मारून उठले. "मंजू, ऐकलं? पंचाचा निकाल! खोली माही!"

आणि जब्बारचाचांनी कोट उचलला, नीट घडी घातली, काखेत मारला, आणि चपला पायात सरकवल्या.

"चाचा, कुठी?"

"घरी. खुर्शीदाले दाखवतो. आता हा जपूनच ठेवतो, फिकर करू नका!"

आनंदानं डोळे भरलेल्या माणसाच्या काखेतून कोट ओढून काढायचा कसा? सरांनी हात पुढे केला, आणि तो नुसता निरोपासाठी हलला.

दार बंद झालं. मंजुश्रीनं शांतपणे विचारलं, "वस्तू जपण्यासारखी निघाली. कबूल. पण घरात कुठी हाय?"

सरांनी मामाजींची वळकटी उचलली आणि मुकाट्यानं मागच्या खोलीत नेली. भंगारवाल्याला मात्र मामाजींनीच परत पाठवलं. पत्र्याची मोटार त्यांनी उशाशी ठेवून घेतली, बाकीचं सामान माळ्यावर चढलं.

आठवड्यानं जब्बारचाचा रस्त्यात भेटले. कोट अंगात, बटणं लखलखीत घासलेली! "सर, खुर्शीदा म्हणते, चौदातले अजून तेरा कुठी ना कुठी असतीन. तुमची नजर तेज हाय. गाडीत खिडकीजवळ बसत जा."

सरांचे डोळे चमकले. ते घरी जाऊन अर्धंच बोलले होते, तोवर मंजुश्रीला सगळं समजलं.

तेव्हापासून चिखलीच्या गाडीत खिडकीजवळ मंजुश्री बसते. सरांना मधली जागा.