दगडूनं पास केलेली गाडी

मोटारीच्या मागच्या शिटावर, मांडीवर काठोकाठ भरलेली पाण्याची कळशी घेऊन बसलेला म्हातारा तुमी कधी बघितला नसंल. मी बघितलाय. तो माझा मेव्हणा आहे.

दगडू त्याचं नाव. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहतो कामथडीला, हायवेच्या कडंला. भोर आणि वेल्ह्यात कुणालाबी जुनी-नवी गाडी घ्यायची झाली की आधी दगडूला न्यायचं, असा रिवाज पडलाय. गाडी विकणारा बॉनेट उघडून इंजिन दाखवायला उभा राहतो, आणि हा मागचं दार उघडून गपकन आत बसतो. कळशी मांडीवर.

"चालव," म्हणतो. "लई हळू न्हाई, लई जोरात न्हाई. सासू मागं बसल्यावाणी चालव."

मग हायवे सोडून आतल्या खडबडीत रस्त्यानं एक चक्कर. परत आल्यावर दगडू खाली उतरतो तेव्हा विकणारा त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई, धोतराकडं बघतो. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं असलं तर गाडी नापास. मांडीवर रुपयाएवढाच डाग असला तर दगडू म्हणतो, "आता दाव तुजं इंजिन."

एकदा थंडीच्या दिवसांत त्यानं एका सकाळी तीन गाड्या बघितल्या आणि आठ दिवस तापानं फणफणला. माझी बायको त्याला काढा देताना म्हणाली, "मुडद्या, कळशी अर्धी भरायला काय होतंय?"

"आक्का," हा पांघरुणातनं म्हणाला, "अर्धी कळशी खोटं बोलती."

दगडूनं तीस वर्षं भोर ते हिर्डोशी वडापची जीप चालवली. आत बारा, मागं लोंबकळणारी चार, टपावर कोंबड्यांची खुराडी. डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ष्टेरिंग सुटलं. तेव्हापासून हा उद्योग. त्याचा एक ठरलेला सवाल आहे. गिऱ्हाईक म्हणतं, मामा, अमकी गाडी बघितलीय, कशी वाटती? दगडू विचारणार, "बसणार कोण?"

मार्गासनीच्या एका मास्तरानं सांगितलं, माझी आई बसणार, तिचं दोन्ही गुडघे गेलेत. दगडू गाडी बघायला न जाता मास्तराच्या घरी गेला. म्हातारीला भिंतीला उभी केली, सुतळी धरून तिच्या कंबरेची उंची घेतली, सुतळीला गाठ मारली. ती सुतळी खिशात घालून तो हायवेवरच्या सगळ्या गाड्यांच्या शिटाला लावत फिरला. बुटक्या मोटारीत म्हातारीला विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागलं असतं. मोठ्या जीपला माळ्यावर चढल्यासारखं चढावं लागलं असतं.

"चढायचं न्हाई, उतरायचं न्हाई. नुसतं टेकायचं," दगडूनं सांगितलं. आणि मास्तराला एक छोटी पण उंच गाडी घ्यायला लावली, हल्ली सगळे जिला एसयूव्ही म्हणतात तसली. त्या गाड्यांबद्दल त्याचं मत असं, की नाव जीपचं, अंग मोटारीचं. "पण आपल्या रस्त्याला बरी. हिचं पोट दगडाला घासत न्हाई आन म्हातारीला शिडी लागत न्हाई."

नव्या गाडीच्या शोरूमला पण तो तसाच. पुण्यात एका शोरूममध्ये एक पोरगी छताची काच कशी सरकती ते दाखवत होती. दगडूनं विचारलं, "पावसाळ्यात ह्या भोकाखाली बसणार कोण?" आणि टोपी काढून, गुळगुळीत फरशीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. पोरगी घाबरली. "आजोबा, काही हरवलं का?"

"न्हाई पोरी. काय सापडतंय का बघतूय."

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी शाळा चौथीपर्यंतच केली, पण उभ्या जन्मात बैलाच्या बाजारात मला कुणी फसवलं न्हाई. जनावर काय आणि गाडी काय, बघणाऱ्याला नजर पायजे. कळशी कशाला?

तर गेल्या साली आमच्यावरच गाडी घ्यायची वेळ आली. माझी धाकटी मंगल, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. जावई म्हणाले, आपण भोरात दवाखान्याजवळ खोली घेऊ. मी म्हणालो, पहिलं बाळंतपण मायेरात होतंय. माझं घर काय पडलंय? मंगल आमच्याकडं हिर्डोशीला आली. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मलाच पुढं बसवून सांगितलं, "बाबा, हिला जपायला हवं. धक्के बसू देऊ नका. आणि घरी ठेवणारच असाल तर दारात गाडी असू द्या."

आमच्याकडं एस.टी. येते ती तिच्या मर्जीनं. गावात दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो. मी घरी येताना सगळ्या रस्त्यानं खिडकीतनं खड्डे बघत आलो. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेलो-आलो, खड्डे मला कधी दिसले नव्हते.

माझा पोरगा संपत कंपनीत आहे. तो म्हणाला, जुनी पण चांगली गाडी घेऊ, मामा म्हणंल ती. झालं. दगडू दर रविवारी कळशी घेऊन हजर.

पहिल्या गाडीची दारं त्यानं डोळे मिटून उघडली-लावली. चार दारांतलं एक दार वेगळं वाजलं. "हे दार दुसरीचं हाय. कुठंतरी ठोकलीया." नापास. दुसरीच्या डिकीत जादा चाकाखाली गंज. नापास. तिसरीत सगळं बरं होतं, पण मागचं शीट मागं कललेलं. "पोटुशी बाई ह्यात टेकली तर उठंल कशी?" चौथीत कळशी निम्मी सांडली.

मी म्हणालो, "दगडू, राजाची पालखी शोधायला लागलायस का?"

"दाजी, बसणार कोण हाय?"

"मला म्हाईत हाय कोण हाय! तिला आठवा सरत आलाय, ते तुला म्हाईत हाय का?"

कळशीतलं उरलेलं पाणी त्यानं एका झाडाच्या बुडाला ओतलं आणि गेला.

त्या दिवसांत माझी झोप उडाली होती. मंगल उठताना नुसती "आई गं" म्हणाली तरी मी अंगणात जाऊन उभा राहायचो. रस्त्याकडं बघायचो, जसा काय तो जवळ येणार होता. शेवटी मी ठरवलं, ह्या कळशीवाल्याच्या नादी लागायचं न्हाई. कुणाला न सांगता एस.टी.नं भोर, तिथनं हायवे, आणि एकट्यानं गाडी बघितली. मरून रंगाची. अशी चमकत होती की माझी मिशी तिच्यात दिसली. आत देवळासारखा वास. टायरवर नव्या रबराचे केस अजून उभे. बैलाचं वय दातावरनं, तसं गाडीचं टायरवरनं, एवढी अक्कल मला होती. गाडी तरणी होती. मी तिथंच नारळ आणला, फोडला, आणि विकणाऱ्याच्या हातात हात देऊन शब्द दिला.

संपतनं पैसे द्यायच्या आधी मामाला बोलावलंच. दगडू आला. कळशी पण काढली न्हाई. मागं बसला, नाक वर करून वास घेतला, आणि शिटाचा पट्टा ओढायला लागला. ओढला, ओढला, पार शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या शेवटाला वितभर चिखलाचा डाग होता, वाळलेला, सरळ रेघेत.

"सगळी गाडी धुत्यात, अत्तर लावत्यात," तो म्हणाला. "पट्टा शेवटापातूर धुवायचं कुणाच्या ध्यानात येत न्हाई. दाजी, ही पुरात बसून आलीया. गाडी म्हातारी हाय, दात तेवढं नवं बसवल्यात."

विकणारा मोबाईलमध्ये बघायला लागला. शेजारी गाडी बघायला आलेली चार माणसं हसली. एकजण चाकापाशी पडलेली करवंटी बघून म्हणाला, "बाबा, नारळाचं खोबरं तरी चांगलं निघालं का?"

माझं टाळकं फिरलं. मी दगडूला म्हणालो, "तू सगळ्या गाड्या नापास कर. तुला काय? तुला पोर ना बाळ, तुला काय कळणार पोरीच्या बापाचा जीव!"

दगडूनं पट्टा हातानं हळूहळू आत सोडला. झटका बसू दिला न्हाई. टोपी नीट केली आणि हायवे ओलांडून चालत गेला.

मरून गाडी आमी घेतली न्हाई. माझा शब्द मोडला, तो पण संपतनं मोडला, मी तिथं परत गेलोच न्हाई. बायकोनं घरात माझ्या पुढं ताट ठेवलं, पाणी ठेवलं, तोंडातनं शब्द काढला न्हाई. मी पण विचारलं न्हाई. मी कुणापुढं वाकणारा माणूस न्हाई, हे पंचक्रोशीला म्हाईत आहे.

पाचव्या दिवशी संपत एक पांढरी गाडी घेऊन दारात आला. तसलीच, छोटी पण उंच. भोरच्या एका पेन्शनर माणसाची, दगडूनं शोधून दिलेली. मंगल तिच्यात बसली ती न चढता, न उतरता. "आबा, पाठीला काय लागतच न्हाई," म्हणाली. मी गाडीच्या मागं-पुढं बघितलं. रस्त्यावर माणूस नव्हता.

बायको पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "गाडी आली. भाऊ न्हाई आला."

पुढच्या आठवड्यात मंगलला तपासायला भोरला न्यायचं होतं. संपत चालवायला, मी पुढं, मायलेकी मागं. धरणाच्या कडंकडंनं रस्ता जातो. मी दाराची मूठ घट्ट धरून बसलो होतो, आता खड्डा येणार, आता येणार. पहिल्या वळणावरचा मोठा खड्डा आला न्हाई. तिथं ताजा तांबडा मुरूम होता, चोपून बसवलेला. पुढचा पण न्हाई. संपत म्हणाला, "सरकारला कशी काय जाग आली?"

मोरीजवळच्या वळणावर सरकार दिसलं. डोक्याला टॉवेल, धोतर वर खोचलेलं, शेजारी मुरमाचा ढीग, एक घमेलं, एक टिकाव. दगडू दोन्ही हातांनी धुमस उचलून मुरूम ठोकत होता. दर ठोक्याला त्याच्या तोंडातनं "हं" असा आवाज येत होता. सत्तरीला टेकलेला माणूस.

संपतनं गाडी थांबवली. दगडू माझ्याकडं न बघता मागच्या खिडकीशी आला. "मंगे, हादरं बसलं का गं?"

"न्हाई मामा. पण तुमी हे काय करताय? किती दिवस?"

"गाडी चांगली गावली गं. पन चांगल्या गाडीला रस्ता बी तसा नगं का?" मग बायकोकडं बघून म्हणाला, "सकाळच्या येष्टीनं येतूय आक्का, सांच्याला जातूय. अजून अकरा खड्डं ऱ्हायल्यात. हिचं दिवस भरायच्या आत हुत्याल."

माझी बायको खाली उतरली. त्यानं ठोकलेल्या जागेकडं बघत म्हणाली, "दगडू, ह्योच का रं त्यो खड्डा?"

"व्हय," तो म्हणाला. "हौसाला न्हेत हुतो तवा ह्योच. पाऊस हुता, पानी भरल्यालं, खोली दिसली न्हाई. जीप माजी, ष्टेरिंग माज्या हातात."

हौसा म्हणजे त्याची बायको, चार वर्षांमागं वारली. लग्नाच्या दुसऱ्या साली सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, पुढं झालं न्हाई, एवढं मला ठाऊक होतं. कसं गेलं ते बहीण-भावानं चाळीस वर्षं मला कळू दिलं न्हाई. आणि मी विचारलं नव्हतं. त्यानंतर हा माणूस तीस वर्षं त्याच वळणावरनं रोज चार फेऱ्या मारत होता.

मला काहीतरी बोलायचं होतं. ते शब्द माझ्या तोंडाला कधी बसले न्हाईत. मी दार उघडून खाली उतरलो आणि त्याच्या हातातलं धुमस ओढून घेतलं.

"धुमस असं धरत्यात व्हय? सरळ पडाय पायजे. तुला जीपशिवाय काय म्हणून येत न्हाई. घमेलं भरून आण."

"दाजी, तुमची कंबर..."

"माझी कंबर मी बघीन. संपत, तू जा रं, डॉक्टरीणबाई थांबल्या असत्याल. आमाला येताना घे."

बायको आत बसली. दगडू बाजूला झाला. संपतनं गाडी पहिल्यात टाकली आणि आमच्या त्या ताज्या मुरमावरनं हळू पुढं काढली. आमी दोघं रस्त्याच्या कडंला उभे. दगडू वाकून चाकाकडं बघंल असं मला वाटलं होतं. तो मागच्या काचेकडं बघत होता. काचेत मंगलचं डोकं दिसत होतं, केसाला लावलेलं अबोलीचं फूल दिसत होतं. पुढची चाकं गेली, मागची गेली. फूल हाललं न्हाई.

दगडूनं डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं. लई वेळ पुसलं. मग घमेलं उचलून तो मुरमाच्या ढिगाकडं गेला.