खडूची रेघ

आम्हा नवराबायकोची घराबद्दलची अपेक्षा अत्यंत माफक होती: आतून कडी लागेल असं एक दार. लग्न झाल्यापासून आम्ही दादाच्या हॉलमध्ये झोपत होतो आणि त्या घरात पाण्याच्या माठाकडे जायचा रस्ता आमच्या अंथरुणावरून होता. वहिनी बिचारी दर वेळी "माझं लक्ष नाहीये हं!" असं ओरडत जायची. त्यामुळे ज्यांचं खरंच नसायचं, त्यांचंही जायचं.

शेवटी ही म्हणाली, "मला महाल नको. कडी हवी." म्हणून आम्ही गृहकर्ज काढलं.

बँकेचे कर्जसाहेब म्हणजे लोणी. "घर तुमचंच हो! बँक फक्त पाठीशी उभी राहणार." सह्या करून करून माझा हात भरून आला, तेव्हा त्यांनी स्वतः मनगट चोळून दिलं. एवढी माया सासुरवाडीतही झाली नव्हती.

ताबा घ्यायच्या दिवशी मात्र बँक पाठीशी नव्हती, पुढे होती. दार साहेबांनीच उघडलं. एका हातात टेप, दुसऱ्यात खडू.

"हे काय?"

"हिस्सेमोजणी. तुम्ही खिशातून भरलेत तेवढं घर तुमचं. उरलेलं बँकेचं." साहेब गुडघे टेकून रेघ ओढत निघाले. आमच्या पैशांत बाथरूम आणि बाल्कनी एवढंच बसलं.

"आणि स्वयंपाकघर?" हिचा आवाज चिरकला.

"येईल ना ताई, हप्त्याहप्त्याने! आधी नळ, मग ओटा. नातवंडांच्या हातचा चहा तिथेच प्याल बघा."

बाल्कनीतून बाथरूमला जाताना बँकेची हद्द ओलांडावी लागत होती. तेवढी ये-जा साहेबांनी माणुसकीच्या नात्याने मोफत दिली. रेंगाळायचं नाही, एवढीच अट.

आता बँकेचा हिस्सा रिकामा कसा ठेवणार? मालमत्ता विनावापर पडून राहणं नियमात बसत नाही. सोमवारी आमच्या हॉलमध्ये गृहकर्जाचा काउंटर सुरू झाला. बेडरूममध्ये वसुली विभाग आला आणि स्वयंपाकघरात शिपाई चहा करू लागला. आम्हाला द्यायचा नाही, पण वास येऊ द्यायचा.

दादा-वहिनी नवं घर बघायला आले, तर त्यांना टोकन देऊन रांगेत बसवलं. "अरे, मी याचा सख्खा भाऊ!" दादा ओरडला. "मग जामीनदार व्हा," साहेब प्रेमाने म्हणाले. दादा आमच्यापर्यंत पोचलाच नाही. जाताना त्याच्याही नावावर कर्ज होतं आणि वहिनी दारातून हात हलवत म्हणत होती, "हॉल छान आहे हो!"

वर्षभर आम्ही इमानेइतबारे हप्ते भरले. वाटलं, रेघ निदान बाथरूमसमोरच्या पायपुसण्यापर्यंत सरकेल. साहेब खडू घेऊन आलेही. पण व्याजदर वाढला होता, त्यामुळे रेघ सरकली ती उलटी. बाल्कनी गेली.

"म्हणजे हप्ते भरून घर कमी झालं?" मी किंचाळलो.

"तात्पुरतं," साहेब म्हणाले. "धीर धरा. घर तुमचंच आहे."

उरलं बाथरूम. उशा घेऊन आम्ही आत गेलो आणि मी दार लोटलं. ही एकदम थबकली. दाराला आतून कडी होती! वर्षभर एकेकट्याने लावली होती, पण दोघं मिळून आत आजच होतो. तिने ती लावली, काढली, पुन्हा लावली आणि बादली पालथी घालून त्यावर बसून खदाखदा हसत सुटली. मलाही आवरेना. लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्यावरून कुणी पाणी प्यायला जाऊ शकत नव्हतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. काउंटरवरच्या रांगेतल्या कुणाला तरी घाई होती. "आत कोण आहे?"

"मालक!" ही आतून गरजली.

बाहेर अख्खी रांग हसली. "काय बावळट माणसं असतात एकेक!" कुणीतरी म्हणालं आणि आपलं टोकन घट्ट धरून एक पाऊल पुढे सरकलं.

तुम्हीही हसताय ना? खुशाल हसा. फक्त बसल्या जागी पाय जरा वर घ्या, साहेबांना खालून रेघ ओढायचीय.