खोक्याचा एक्स-रे

स्वतःच्या लग्नात आहेर आलेला 'व्यापार' हा पटावरचा खेळ किसनरावांनी कधी उघडलाच नव्हता. कुणाच्या तरी लग्नात पुढे देता येईल म्हणून तो प्लास्टिकच्या वेष्टनासकट चाळीस वर्षं कपाटावर राहिला. आता नागपूरचे अश्विन नावाचे एक संग्राहक फोनवर म्हणाले होते, "न उघडलेला असेल तर चांगली किंमत येईल. मात्र आत जहाज, मोटार, घोडा, हत्ती या धातूच्या चारही सोंगट्या हव्यात."

त्या पैशांत बायकोला, जयवंताबाईंना, एकदा विमानात बसवायचं, असं किसनरावांनी ठरवून टाकलं.

"पण सोंगट्या हायेत का नाई, हे उघडल्याशिवाय कसं समजन?"

"राहू द्या ना," जयवंताबाई म्हणाल्या. "विमानाचं मले भेवच वाटते."

"उघडला का भाव पडला!"

त्यांनी खोका कानाशी हलवून पाहिला. काहीतरी वाजलं. किराणा दुकानात वजन केलं. वजन कळलं, पण ते किती असायला हवं हे रोहणा गावात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी खोका मांडीवर घेऊन दोघं एसटीनं वर्ध्याला गेले. भाचा रत्नदीप तिथं एका एक्स-रे सेंटरात होता.

"मामा, पेशंटचं वय काय टाकू?"

"चाळीस. अन् मस्करी नोको करू."

फिल्मवर जहाज दिसलं, मोटार दिसली, घोडा दिसला.

"हत्ती नाई दिसून राह्यला, मामा. हे... केसाची पिन हाये."

किसनराव सावकाश बायकोकडे वळले.

"कवा उघडला?"

"तुमी ड्युटीवर गेले का उघडाची. मंग इस्त्रीनं प्लास्टिक चिकटवून ठेवाची."

"अन् खेळाची कोणासंग?"

"सासूबाईसंग... म्हंजे तुमच्या मायसंग."

"माय? तिनं आमाले पत्त्याले हात नाई लावू देल्ला!"

"हारली का जे हाती लागन ते फेके. हत्ती विहिरीत गेला. मंग तिनंच डोक्यातली पिन काढून देल्ली."

किसनरावांनी फिल्म उजेडाकडे धरून मायची पिन निरखली. तेवढ्यात अश्विनचा फोन आला.

"काका, चारही आहेत ना?"

"हायेत चारही. पण विकाचा नाई."

संध्याकाळी वेष्टन फाटलं, डाव मांडला. पिन किसनरावांनी घेतली. बघता बघता त्यांची सगळी शहरं गेली, कान लाल झाले. जयवंताबाई उठल्या आणि विहिरीकडचं दार लावून आल्या.