इलाहीमामांचा पैलवान

कुठलीही पोकळ वस्तू दिसली की इलाहीमामा तिच्यात हात घालतात. अगदी खांद्यापर्यंत. वस्तू कुणाची आहे, रिकामी आहे की भरलेली, शेजारी कोण उभं आहे, असल्या चौकशा ते करत नाहीत. आमच्या वास्तुशांतीला सगळी गल्ली हॉलची फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा बघत होती. मामा तडक गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीत वाकले. खाली आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"टाकी भायेरनं झ्याक हाय," मला म्हणाले. "आतनं हात फिरवून बघितलासा का कवा?"

मी म्हटलं, "नाही."

"मग घर बघितलंच न्हाय की तुमी."

ही चर्चा पंगतीच्या तोंडाशी झाल्यामुळे जवळच्या सात-आठ पाहुण्यांनी त्या दिवशी पाण्याला तोंड लावलं नाही.

हात घालून झाला की ते बोटांच्या पेरांनी टकटक करतात आणि मान तिरकी करून ऐकतात. माठ, पिंप, दारं, खांब. एकदा आमचे व्याही आले होते. चांगले भरदार गृहस्थ, खुर्चीत रेलून बसलेले. मामांनी त्यांच्या पोटावर टकटक केलं आणि म्हणाले, "पावणं, आत हवा हाय. जिरं खावा." व्याह्यांनी जिरं खाल्लं नाही, पण नंतर बरेच दिवस आमच्याकडे यायचंही टाळलं.

मी एसटीत कंट्रोलर होतो. कोल्हापूर स्टँडवर माइकसमोर जन्म गेला. माझा आवाज मोठा आहे, स्वभाव तापट आहे आणि दुपारची झोप मला प्राणाहून प्यारी आहे. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून मामांसारखा शेजारी द्यायचा, यात नशिबाची काहीतरी खोडी असणार. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. तिच्या टोकाला मामांचं घर, आणि पुढच्या मोकळ्या जागेत त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे वाळूचा ढीग, सिमेंटची पोती, एक मोडकी खुर्ची आणि पैलवान.

आता पैलवान कोण ते सांगतो. मामांची सगळी नोकरी फाउंड्रीत गेली, तीही कोअर शॉपमध्ये. ओतकामात वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, त्याला तिथे कोअर म्हणतात. काम झालं की तो फोडून टाकायचा. आपण जन्मभर गाभे करायचे आणि दुसऱ्यांनी ते फोडायचे, हे मामांच्या मनाला फार लागलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर न फोडायचा गाभा केला. वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, एकीवर एक सरकणाऱ्या. मधोमध आट्यांचा दांडा आणि वर हँडल. उजवीकडे फिरवलं की पट्ट्या बाहेर सरकतात आणि गाभा फुगतो. डावीकडे फिरवलं की अंग चोरून बारीक होतो. बाहेर साचा, आत हा, मधल्या फटीत काँक्रीट. काँक्रीटनं अंग धरलं की हँडल डावीकडे, आणि गाभा अलगद वर. लहान कुंडी करा नाहीतर शोषखड्ड्याचं मोठं कडं करा, गाभा तोच.

गल्ली त्याला डबडं म्हणते. मामा पैलवान म्हणतात. "दम घेतला की छाती फुगतीया, दम सोडला की सुटतंय. पैलवानच की!"

हँडल डावीकडे कधी फिरवायचं, यात मामांचा सगळा जीव. लवकर फिरवलं तर काँक्रीट ढासळतं. उशीर झाला तर सिमेंटचं पाणी पट्ट्यांच्या फटीत शिरून घट्ट धरतं, मग पैलवान काही केल्या निघत नाही. म्हणून माल भरला की मामा मोडक्या खुर्चीत बसतात आणि साच्यावर तळहात ठेवून वाट बघतात. त्या वेळात त्यांना हाक मारायची नाही. या एका कारणासाठी त्यांनी किती लग्नं, किती बारशी चुकवली असतील! मामी चहा आणून खुर्चीखाली ठेवायच्या आणि तो तिथेच गार व्हायचा.

या धंद्यातूनच मामांना एक मंत्र सापडला. "वढू नका, ढिलं सोडा." तो ते सगळ्याला लावतात. आमच्या कपाटाचा ड्रॉवर अडकला, "वढू नका, ढिलं सोडा." आमचे चिरंजीव लग्नाला तयार होईनात, "सायेब, वढू नका." एकदा आम्ही रिक्षातून येत होतो आणि राजारामपुरीत गाड्या अशा गुंतल्या की कुणालाच हलता येईना. मामा उतरले, समोरच्या बसच्या ड्रायव्हरला म्हणाले, "फुडं वढू नका, जरा मागं घ्या की." त्यानं बस हातभर मागे घेतली आणि सगळं सुटलं. मी जन्मभर एसटीच्या गाड्या हलवलेला माणूस, रिक्षात बसून हे बघत होतो. घरापर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही.

मामींचं नाव मुमताज. बाई सोन्यासारखी, पण गुडघ्यांनी घात केला. कुठेही खाली बसताना त्या "या अल्लाऽऽ" अशी हाक मारायच्या, ती चार घरांपर्यंत ऐकू जायची. स्वयंपाकघरात एक हाक, अंगणात एक हाक, आणि मागच्या बाजूच्या संडासात जी हाक जायची ती ऐकून माझी बायको हातातलं काम थांबवायची. थंडी सुरू झाली आणि मामी लेकीकडे, शबानाकडे, मलकापूरला गेल्या. आठ दिवसांसाठी. त्याचे महिने झाले.

गल्लीनं आपला निकाल देऊन टाकला. मामींनी म्हणे स्पष्ट सांगितलं होतं, एक तर मी, नाहीतर ते डबडं. आणि मामांनी डबडं निवडलं. मामा यावर काही बोलायचे नाहीत. रोज सकाळी मात्र आमच्या फाटकाशी येऊन विचारायचे, "सायेब, मलकापूरची गाडी किती वाजता हाय?" मी वेळ सांगायचो. ते मान हलवायचे आणि परत जाऊन वाळू चाळायला लागायचे. रोज! शेवटी मी एकदा खेकसलो, "मामा, जायचं तर जा एकदा! वेळापत्रक पाठ करून काय होणार?"

"जायाचं की," मामा म्हणाले. "पर आज माल भरलाय."

मग एक दिवस मी बाहेर येऊन बघतो तर मामा गुडघ्यावर बसून आमच्या फाटकाशेजारचा कट्टा सुतळीनं मोजतायत. उंची, रुंदी, सगळं. माझं डोकंच फिरलं. कट्टा दोन बोटं रस्त्यावर आलाय, हे मला माहीत आहे, पण ते शेजाऱ्यानं मोजायचं कारण नाही. मी माइकशिवाय सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. मामांनी शांतपणे सुतळीला गाठ मारली, खिशात टाकली आणि म्हणाले, "चांगला बांधलाय. मोडू नका कवा."

त्याच सुमाराला माझ्याही गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि आमच्याकडे कमोड बसवायचं ठरलं. मामा बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं. दुकानात पांढरीशुभ्र भांडी ओळीनं मांडलेली, सेल्समन टाय लावलेला. मामांनी पहिल्याच भांड्यात कोपरापर्यंत हात घातला. दुकानातल्या दोन बायका बाहेर निघून गेल्या.

"आतला गाभा कसला वापरला ह्यात?" मामांनी विचारलं.

सेल्समन टाय सारखा करायला लागला. मग मामा भांड्यांच्या उंचीकडे वळले. सगळ्यांना सुतळी लावून बघितली. "समदी एकाच उंचीची?"

"स्टँडर्ड साइज आहे, मामा."

"कुनाच्या गुडघ्याचा स्टँडर्ड?"

मी पैसे देऊन त्यांना ओढतच बाहेर काढलं. ते अर्थातच म्हणाले, "वढू नका."

त्यानंतर मामांनी एक नवीन कुंडी काढली. ही कुंडी काही औरच होती. गोल नाही, लांबट. बुड नाही, दोन्हीकडून उघडी. वरची कड जाड आणि आतल्या बाजूला वळलेली. एक झाली की मामा तिला सुतळी लावायचे, कडेवर हाताची आतली बाजू घासून बघायचे आणि जाहीर करायचे, "नापास." एक बुटकी झाली, दुसरी खरबरीत, तिसरीला चीर. नापास झालेली कुंडी ते मागेल त्याला फुकट द्यायचे. फुकट म्हटल्यावर आमची गल्ली कशाला मागे राहते? माझ्या बायकोनं दोन आणल्या, अंगणातल्या मातीत बसवल्या आणि मोगरा लावला. तिचं बघून सगळ्यांनी लावला.

मी एकदा विचारलं, "मामा, कुंडीची कड इतकी गुळगुळीत कशाला पाहिजे? मोगरा काय तिच्यावर टेकून बसणार आहे?"

मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत कडेवर हात घासायला लागले. आणि एका संध्याकाळी तर मला ते स्वतःच एका कुंडीवर ताठ बसलेले दिसले. डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी बायकोला म्हटलं, मामींना फोन कर, म्हातारा हातचा जायला लागला.

सोमवारी दुपारी माझा डोळा लागतो न लागतो तोच शेजारून ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. लोखंड कापायचा, दात आंबवणारा. मी तसाच बनियनवर उठलो आणि भांडायच्या पूर्ण तयारीनं तिकडे गेलो. "मामा! दुपारची वेळ आहे, काही जनाची मनाची—"

ग्राइंडर थांबला. मामा नव्या कुंडीत वाकले होते. त्यांनी वर बघितलं. डोळे लाल होते. लोखंडाचा कीस गेला असेल, असं मला वाटलं.

"पैलवान अडकला," मामा म्हणाले.

जगाला ढिलं सोडायला सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा गाभा अडकावा, याचं मला आधी हसू आलं. मग बघितलं, ते पैलवानालाच कापत होते. मधला दांडा तुटून पडला होता, दोन पट्ट्या निघाल्या होत्या.

"अहो, हे काय करताय? कुंडी फोडा की! इतक्या नापास केल्यात, त्यात आणखी एक."

"ही पास हाय," मामा म्हणाले.

मामांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला.

"मलकापूरचा फोन आलता. ती म्हनली, शबाना म्हनतीया हितंच ऱ्हा आता. मग ऱ्हाऊ का, आसं मलाच इचारलं. रविवारी कापडं न्यायला येतीया म्हनली. मला काय बोलायचंच सुचंना, सायेब. फोन ठिवला तिनं, आन मी तसाच बसलो हातात धरून. हिकडं शिमिटानं कवा धरलं कळलंच न्हाय."

"पण कुंडीचं एवढं काय घेऊन बसलाय?"

"ही कुंडी न्हाय." मामा माझ्याकडे न बघता बोलत होते. "संडासात, भांड्यावर मांडायचीया, बसायला. तिचं गुडघं वाकत न्हाईत. लेकीकडं कमोड हाय म्हनून गेलीया ती. भांडून न्हाय गेली. दुकानातलं बघितलं की तुमच्यासंगं. तिला त्ये उंच हुतंय, पाय लोंबकळत्यात. जगात एकाच जागेवर बसताना ती वरडत न्हाय. वैनींसंगं मटार सोलायला बसती त्यो तुमचा कट्टा. म्हनून माप घेतलं."

मला माझं ते गल्लीभर ऐकू गेलेलं भाषण आठवलं. "अहो, मग तेव्हा सांगायचं नाही का?"

"बायकूच्या असल्या गोष्टी चौकात सांगत्यात व्हय?" मामा म्हणाले. "आता दुसरं करायला येळ न्हाय. पानी मारायला दिवस लागत्यात. धरा हिकडनं."

मी बनियनवरच खाली बसलो आणि पत्र्याची कड धरली. त्यांनी ग्राइंडर लावला. पैलवान तुकड्या-तुकड्यानं बाहेर आला. मामांनी तुकड्यांकडे बघितलंही नाही. आत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि सावकाश सगळीकडे फिरवला. इतक्या वर्षांत मला या माणसाचा हजार वेळा राग आला होता. त्या दुपारी मात्र मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की घरी जाऊन झोप काही लागली नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती अंगणात गेली, मोगऱ्याकडे बघत उभी राहिली, आणि "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग डोळे पुसत आत आली. गल्लीत कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

रविवारी मलकापूरची गाडी उशिरा आली. मी मामांना वेळ बरोबरच सांगितली होती, हे इथे नमूद करतो. रिक्षातून मामी आणि शबाना उतरल्या. शबानाच्या हातात कपड्यांसाठी रिकाम्या पिशव्या होत्या. मामा पुढे होऊन एवढंच म्हणाले, "आधी मागं जाऊन ये." मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीला धरत मागे गेल्या. कडी वाजली.

मामा आमच्या फाटकाशी आले. त्यांनी सामाईक भिंतीवर तळहात टेकवला आणि मान तिरकी केली. मीही श्वास धरून उभा राहिलो. मागच्या दारात बायको उभी होती, हातातलं काम थांबवून.

बराच वेळ गेला.

"ऐकलासा?" मामांनी विचारलं.

"नाही. मला काहीच ऐकू आलं नाही."

"त्येच की," मामा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि आमच्या कट्ट्यावर मटकन बसले.

मामी हळूहळू चालत बाहेर आल्या. कट्ट्याशी येऊन थांबल्या. त्यांची नजर आमच्या मोगऱ्याच्या कुंड्यांवर गेली, मग समोरच्या अंगणातल्या, मग त्याच्या पलीकडच्या. त्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी टॉवेलातूनच मान हलवली.

"शबाना," मामी म्हणाल्या, "त्या पिशव्या घडी घालून ठेव." आणि आवाज न करता मामांच्या शेजारी बसल्या.